झाकण कुठे गेले? : पुराणकथा आणि आकाशातून आलेली अरिष्टे

लोणारच्या काठावर पहिल्यांदा उभा राहिलेला माणूस आधी गप्प होतो आणि मग एकच प्रश्न विचारतो : हे झाले कसे? बुलढाणा जिल्ह्यातल्या काळ्या रानातून चालताना कसलीही पूर्वसूचना न देता जमीन एकदम संपते. समोर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा, कंपासने आखल्यासारखा गोल खळगा असतो आणि काठापासून सुमारे १३५ मीटर खाली हिरवट, खारट पाण्याचे तळे. आसपास ना डोंगर, ना ज्वालामुखीचे तोंड. दख्खनच्या थरांवर थर रचलेल्या कातळात हे एवढेच एक भोक.

या प्रश्नाला गावाजवळ फार जुने उत्तर आहे. इथे जमिनीखाली लवणासुर, म्हणजे लोणासुर, राहत असे. त्याच्या त्रासाने गांजलेल्या देवांनी विष्णूला साकडे घातले. विष्णू देखण्या तरुणाच्या रूपात आला, दैत्याच्या दोन बहिणींना त्याने मोहात पाडले आणि भावाचे बिळ कुठे आहे ते त्यांच्याकडून काढून घेतले. मग पायाच्या अंगठ्याने त्याने त्या बिळावरचे झाकण उडवले आणि आत झोपलेल्या दैत्याला मारले. तळ्यातले पाणी म्हणजे त्याचे रक्त, पाण्यातला खार म्हणजे त्याचे कुजलेले मांस. आणि उडालेले झाकण? ते नैर्ऋत्येला काही कोसांवर जाऊन पडले; तिथली टेकडी म्हणजेच ते झाकण, आणि तिचा आकार या खळग्याच्या तोंडाएवढाच आहे, असे सांगत. गावातले दैत्यसूदनाचे सुंदर मंदिर याच विष्णूचे आहे.

आता या कथेशेजारी शाळेच्या पुस्तकातली माहिती ठेवा. लोणारचे विवर अशनीपाताने झाले. आकाशातून काहीतरी आले, जमीन फुटली, कातळ उडाला. आणि कथेत? वरून देव आला, झाकण उडाले, दैत्य मेला. जून २०२० मध्ये तळ्याचे पाणी काही दिवस चक्क गुलाबी झाले, तेव्हा रक्ताची आठवण कोणाला झाली नसेल तरच नवल. (पाणी आटून क्षार वाढल्यामुळे क्षारप्रिय सूक्ष्मजीव माजले होते, असे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने दाखवले.) ही जुळणी इतकी गोड आहे की माणूस लगेच म्हणतो : आपल्या पूर्वजांनी तो अशनी पडताना पाहिला आणि कथेच्या रूपाने आपल्यापर्यंत पोचवला. मीही हे वाक्य पाहुण्यांना अनेकदा ऐकवले आहे. हा लेख त्या वाक्याची तपासणी आहे. पुराणकथा ही इतिहासाची साक्ष केव्हा ठरते, आणि केव्हा ठरत नाही?

एक जुना मोह

हा मोह आपल्यापुरता नाही आणि आजचाही नाही. १६९६ साली विल्यम व्हिस्टन या इंग्रज विद्वानाने बायबलमधला नोहाचा महापूर एका धूमकेतूमुळे आला असे मांडले. हा व्हिस्टन पुढे केंब्रिजमध्ये न्यूटनच्या जागी प्राध्यापक झाला, म्हणजे तो काही ऐरागैरा नव्हता. १८८३ साली इग्नेशियस डॉनेली या अमेरिकन राजकारणी लेखकाने ‘रॅग्नरॉक’ नावाचे पुस्तक लिहिले. जगभरच्या अग्निप्रलयाच्या कथा म्हणजे पृथ्वीवर आदळलेल्या धूमकेतूची आठवण होय, असा त्याचा दावा होता. पुस्तकाचे नाव त्याने उत्तर युरोपातल्या जगबुडीच्या कथेवरून घेतले होते.

मराठी वाचकाला या यादीत एक घरचे नाव भेटते. लोकमान्य टिळकांनी १९०३ साली ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’ प्रसिद्ध केले. त्याच्या दहा वर्षे आधीच्या ‘ओरायन’मध्ये त्यांनी मृगशीर्ष नक्षत्रातल्या वसंतसंपाताच्या आधारे वेदांचा काळ मागे नेला होता. या दुसऱ्या ग्रंथात ते आणखी मागे गेले. ऋग्वेदातल्या उषेच्या सूक्तांत पहाट संपता संपत नाही; अवेस्तामध्ये अहुर मज्द यिमाला येणाऱ्या भीषण हिवाळ्याची सूचना देतो आणि आश्रयासाठी ‘वर’ बांधायला सांगतो; त्या ‘वरा’तल्या लोकांना वर्ष एका दिवसासारखे वाटते. टिळकांना या साऱ्यात ध्रुवप्रदेशातल्या वस्तीची आणि हिमयुगाने तिचा नाश झाल्याची आठवण दिसली.

टिळकांचा निष्कर्ष आज टिकलेला नाही. पण त्यांची पद्धत इथे महत्त्वाची आहे. या ग्रंथाची सुरुवात वेदांनी होत नाही. पहिली प्रकरणे प्रागैतिहासिक काळाची, हिमयुगाची आणि ध्रुवप्रदेशाची आहेत. म्हणजे कथेला साक्षीला बोलावण्याआधी टिळक जमिनीची साक्ष घेतात. त्यांच्या काळचे भूशास्त्र पुढे बदलले आणि त्याबरोबर इमारतीचा पायाही खचला. मात्र कथा एकटी पुरेशी नाही, तिला बाहेरचा दुसरा साक्षीदार हवा, हे त्यांना पक्के ठाऊक होते. त्यांच्यानंतर आलेल्या, या विषयातल्या सर्वांत गाजलेल्या माणसाला मात्र ते मान्य नव्हते.

शुक्र जेव्हा धूमकेतू होता

इमॅन्युएल वेलिकोव्हस्की हे रशियात जन्मलेले, मनोविश्लेषणाचा व्यवसाय केलेले गृहस्थ. १९५० साली न्यूयॉर्कच्या मॅकमिलन कंपनीने त्यांचे ‘वर्ल्ड्स इन कोलिजन’ काढले. त्यातली मांडणी अशी : शुक्र हा मुळात ग्रह नव्हता. तो गुरूतून बाहेर फेकला गेलेला धूमकेतू होता. इसवी सनपूर्व १५००च्या सुमारास तो पृथ्वीजवळून गेला. इजिप्तवरची संकटे, समुद्र दुभंगणे, आकाशातून पडलेला ‘मान्ना’ हा खाऊ, हे सारे त्याच भेटीचे परिणाम. पुढे आठव्या-सातव्या शतकांत मंगळ पृथ्वीजवळ आला आणि पुन्हा उत्पात झाले. पुरावा कोणता? जगभरच्या कथा. बॅबिलोन, ग्रीस, मेक्सिको, चीन, भारत, जिथे जिथे प्रलयाची, थांबलेल्या सूर्याची, आगीच्या पावसाची गोष्ट आहे तिथून त्यांनी ती उचलली आणि एकाच घटनेच्या माळेत ओवली.

पुस्तक प्रचंड खपले. शास्त्रज्ञांनी केलेला विरोधही तितकाच प्रचंड होता, आणि तो नेहमी शोभेलसा नव्हता. हार्वर्डचे खगोलशास्त्रज्ञ हार्लो शॅप्ली आणि इतर काहींनी प्रकाशकावर दबाव आणला. मॅकमिलनची मुख्य मिळकत पाठ्यपुस्तकांची आणि त्यांचे गिऱ्हाईक म्हणजे प्राध्यापक. कंपनीने खपाच्या ऐन भरात पुस्तक डबलडे या दुसऱ्या प्रकाशकाला देऊन टाकले. ज्या संपादकाने ते स्वीकारले त्याची नोकरी गेली. यामुळे वेलिकोव्हस्की लोकांच्या नजरेत गॅलिलिओ ठरले, आणि त्यांच्या मांडणीत चूक नेमकी कुठे आहे हा प्रश्न मागे पडला.

ती चूक समजून घ्यायला एक मातीची पाटी पुरते. निनेव्हेच्या ग्रंथालयात सापडलेल्या कीलाकार लिपीतल्या पाट्यांत शुक्राच्या उदयास्ताची एक नोंदवही आहे. ती बॅबिलोनचा राजा अम्मिसदुक याच्या काळातली मानली जाते. हा राजा हम्मुराबीच्या वंशातला, प्रचलित कालगणनेनुसार इसवी सनपूर्व सतराव्या शतकातला. एकवीस वर्षे शुक्र पहाटे केव्हा दिसला, संध्याकाळी केव्हा मावळला, मधे किती दिवस दिसेनासा झाला, याची ती यादी आहे. नकला करताना लेखनिकांनी केलेल्या चुका तिच्यात आहेत. पण आजच्याच शुक्राचे आठ वर्षांनी परत येणारे चक्र तिच्यात ओळखू येते. म्हणजे वेलिकोव्हस्कींच्या मते शुक्र ग्रह होण्याच्या शतकभर आधीच बॅबिलोनचे पुरोहित त्याला आजच्याच कक्षेत फिरताना पाहत होते. त्यांची मांडणी वाचवायची तर प्राचीन पश्चिम आशियाची सारी कालगणनाच मोडावी लागते, आणि १९५२ सालापासून ‘एजेस इन केऑस’ या मालिकेत त्यांनी ती मोडायला घेतलीही.

दुसरा साक्षीदार बर्फ. ग्रीनलंडच्या बर्फात दरवर्षीचा थर वेगळा मोजता येतो, झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारखा. मोठ्या ज्वालामुखींची आम्लाची खूण त्यात मिळते. सारी पृथ्वी अंधारात गेली, तिच्यावर दगडांचा नि तेलाचा पाऊस पडला, तर त्याची खूण न मिळणे शक्य नाही. इसवी सनपूर्व १५००च्या आसपास तसे काहीही सापडत नाही. १९७४ साली सॅन फ्रान्सिस्कोमध्ये अमेरिकन विज्ञान संघटनेने वेलिकोव्हस्कींनाच बोलावून या विषयावर चर्चासत्र घेतले. त्यात कार्ल सेगन यांनी मांडणीतली एकेक भौतिक अशक्यता दाखवली. शुक्र तापलेला असेल हे वेलिकोव्हस्कींचे भाकीत खरे ठरले होते, हे त्यांचे चाहते नेहमी सांगत. पण त्याच्या उष्णतेचे कारण जन्माची धग नाही. कर्बवायूच्या जाड वातावरणाखाली कोंडलेली सूर्याची ऊब हे आहे. उत्तर बरोबर येऊनही रीत चुकीची असू शकते, हे गणिताच्या मास्तरांनी आपल्याला शिकवलेलेच आहे.

मूळ चूक मात्र भौतिकशास्त्रातली नव्हती. ती निवडीतली होती. जगात हजारो कथा आहेत. त्यांतून आग, पाणी, अंधार असलेल्या वेगळ्या काढल्या तर त्या एकमेकींसारख्या दिसणारच. आपण त्या तशा म्हणूनच निवडल्या. पूर प्रत्येक नदीला येतो, ग्रहण प्रत्येक देशात दिसते. साम्य दाखवले म्हणजे एकच घटना सिद्ध होत नाही.

जेव्हा कथा खरेच साक्ष देते

मग सगळ्याच कथा कल्पनेच्या भराऱ्या म्हणून बाजूला साराव्या काय? तसे केले तर तीही तितकीच मोठी चूक होईल.

३० जून १९०८ च्या सकाळी सैबेरियातल्या पॉडकामेनाया तुंगुस्का नदीच्या खोऱ्यावर आकाशात स्फोट झाला. दोन हजारांहून अधिक चौरस किलोमीटर जंगल आडवे झाले. तिथल्या एवेंकी या रेनडियर पाळणाऱ्या लोकांत बोलले जाई की मेघगर्जनेचा देव ओग्दी रागावून खाली उतरला आणि त्याने ती जागा शापली. हे मिथक घडायला शतके लागली नाहीत. ते पाहणाऱ्यांच्या हयातीतच तयार झाले. १९२६ साली सुस्लोव्ह या अभ्यासकाने त्यांच्या साक्षी टिपल्या. पुढल्या वर्षी लिओनिद कुलिक तिथे पोचला तेव्हा त्याला विवर मिळाले नाही, पण एका मध्याभोवती बाहेरच्या दिशेने पडलेली झाडे मिळाली, आणि मध्यभागी फांद्या झडून उभे राहिलेले खांबासारखे बुंधे. इर्कुत्स्कच्या भूकंपमापकाने धक्का टिपला होता, इंग्लंडमधल्या वायुभारमापकांवर लाट उमटली होती. ओग्दीची कथा खरी घटना सांगत होती. कारण एवेंकींची भाषा देवांची होती, पण डोळे त्यांचे स्वतःचे होते.

दुसरे उदाहरण आकाशातले नाही, जमिनीतले आहे. पण कसोटी तीच. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर, व्हँकुव्हर बेटापासून उत्तर कॅलिफोर्नियापर्यंत, मकाह आणि इतर आदिवासी जमातींत महाकाय गर्जनापक्षी आणि देवमासा यांच्या झुंजीच्या कथा आहेत. झुंजीत जमीन हादरते, समुद्र मागे हटतो, मग चढून येतो, होड्या झाडांवर अडकतात. जेम्स स्वान याने १८६४ साली अशी एक हकिकत एका मकाह माणसाकडून ऐकून लिहून ठेवली. ती ‘दंतकथा’ म्हणून पडून राहिली. त्या किनाऱ्यावर फार मोठे भूकंप होत नाहीत, अशीच १९८०च्या दशकापर्यंत बहुतेकांची समजूत होती.

मग भूशास्त्रज्ञ ब्रायन ॲटवॉटर यांना खाडीच्या चिखलात एकाएकी खचलेली, वर समुद्राच्या वाळूचा थर बसलेली जुनी जमीन दिसली. खाऱ्या पाण्यात उभ्यानेच मेलेल्या देवदार वृक्षांची वर्तुळे मोजली तेव्हा शेवटची वाढ १६९९ची निघाली. आणि पॅसिफिकच्या पलीकडे जपानमध्ये, जानेवारी १७०० मध्ये, आधी कुठलाही धक्का न जाणवता आलेल्या समुद्रलाटेची नोंद गावकामगारांच्या दप्तरांत तारखेसह होती. तिन्ही जुळवून घटना ठरली : २६ जानेवारी १७००, रात्री नऊच्या सुमारास, सुमारे ९ तीव्रतेचा भूकंप. गर्जनापक्ष्याच्या कथेला एकाच वेळी तीन साक्षीदार मिळाले : चिखल, झाड आणि परक्या देशातले कारकुनी दप्तर. आज त्या किनाऱ्यावरच्या गावांत लाट आली तर कुठल्या वाटेने पळायचे याच्या पाट्या लागल्या आहेत. कथा आधी ऐकली असती तर त्या लवकर लागल्या असत्या.

या दोन उदाहरणांतून तीन साधे प्रश्न हाती येतात. घटना घडली तेव्हा ती पाहणारी माणसे तिथे होती का? जागा नुसती पाहून नंतर रचता येणार नाही असे काही कथेत आहे का? आणि कथेशी ज्याचा संबंध नाही असा दुसरा कोणी तेच सांगतो का?

पुन्हा काठावर

आता हे तिन्ही प्रश्न घेऊन लोणारला परत येऊ.

पहिलाच प्रश्न आड येतो. पूर्वी एका पद्धतीने विवराचे वय सुमारे ५२ हजार वर्षे निघाले होते. तेवढे असते तर माणसाने ते पाहिले असे म्हणायला निदान फट होती. पण २०११ साली आरगॉन वायूच्या मोजणीवरून प्रसिद्ध झालेले वय सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे आहे, त्यात सत्तेचाळीस हजार वर्षे इकडे तिकडे. आपल्या जातीच्या माणसाचे आजवर मिळालेले सर्वांत जुने अवशेष सुमारे तीन लाख वर्षांचे, तेही आफ्रिकेतले. त्या स्फोटाच्या वेळी दख्खनवर दगडी हत्यारे घडवणारे आदिमानव असतीलही. पण त्यांची भाषा, असलीच तर, आपल्यापर्यंत आलेली नाही. ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींच्या काही कथांत सात हजार वर्षांपूर्वी समुद्राने गिळलेल्या किनाऱ्याची आठवण आहे, असे काही अभ्यासक मानतात. त्यावरही वाद आहे. ते मान्य केले तरी लोणारचा अशनी त्याच्या ऐंशीपट मागे आहे.

दुसरा प्रश्न. कथेत खळगा आहे, झाकण आहे, रक्तासारखे पाणी आहे, खार आहे. हे सगळे काठावर उभे राहून दिसते. न दिसणारे, म्हणजे आकाशातला जाळ, आवाज, होरपळलेले रान, यांतले काहीच कथेत नाही. देव तर आकाशातून कोसळतही नाही. माणसासारखा चालत येतो, बहिणींशी बोलतो, अंगठ्याने झाकण लोटतो. अशनी आपण कथेत घातला, कारण आपल्याला तो आधीच माहीत होता. तिसऱ्या प्रश्नाला मग काही उरतच नाही. पाहुण्यांना ऐकवायचे माझे ते वाक्य चुकीचे होते.

पण यात लवणासुराची हार झाली असे मला वाटत नाही. कथा साक्ष नसेल, पण ती विचार आहे. ज्याने ती पहिल्यांदा सांगितली त्याने नीट पाहिले होते. या पाण्याला खार आहे आणि आसपासच्या विहिरींना तसा नाही, हे त्याला दिसले. हा खार पुढे पापडी, खुप्पल, डल्ला अशा नावांनी काढला आणि विकला जाई. साबणाच्या आणि काचेच्या कामात तो लागे. आणि त्याने एक फार नेमका प्रश्न विचारला : एवढा खड्डा आहे, तर त्यातला माल कुठे गेला? झाकण कुठे पडले?

हाच प्रश्न एका मोठ्या भूशास्त्रज्ञाने विचारला होता. अमेरिकेतल्या ॲरिझोना प्रांतात असाच एक गोल खळगा आहे. १८९१ साली ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यांनी तिथे जाऊन हिशोब केला : आत अशनी गाडलेला असेल तर काठावर साचलेला माल खड्ड्यात मावेल त्यापेक्षा जास्त भरला पाहिजे. तो भरला नाही. चुंबकाने लोखंड शोधले, तेही मिळाले नाही. म्हणून त्यांनी तो खळगा वाफेच्या स्फोटाने झाला असे ठरवले, आणि १८९६ साली लिहिताना जोडीला आपल्या लोणारचा दाखला दिला. दोन्ही ठिकाणी ते चुकले. अशनी आदळताना इतक्या वेगात असतो की त्याचा स्वतःचाच बहुतेक भाग उडून जातो, हे तेव्हा कळलेले नव्हते. लोणारचा निकाल १९७३ साली लागला, तोही जमिनीखालून : भोके पाडून काढलेल्या कातळात मॅस्केलिनाइट नावाची काच मिळाली. ज्वालामुखीतून ती होत नाही. प्रचंड आघाताच्या दाबाखाली स्फटिक मोडला तरच होते.

म्हणजे एकाच प्रकारच्या खळग्याकडे पाहून दोघांनी एकच प्रश्न विचारला. एकाने झाकण टेकडीवर नेऊन ठेवले, दुसऱ्याने माल मोजून अशनीच नाकारला. दोघांचेही उत्तर चुकले. फरक एवढाच की गिल्बर्टच्या उत्तराला चूक ठरवायची सोय त्याच्या हिशोबातच होती, आणि ती पुढच्यांनी वापरली.

कथाकाराला अशनी पाहणारा साक्षीदार बनवले की त्याचा गौरव होतो असे आपल्याला वाटते. वस्तुतः त्याने न पाहिलेले त्याच्या तोंडी घालून आपण त्याने खरोखर पाहिलेले पुसून टाकतो. आता पाहुणे आले की मी त्यांना काठावर नेतो, गोष्ट पूर्ण सांगतो, अगदी बहिणींसकट, आणि मग नैर्ऋत्येकडे हात करून एवढेच विचारतो : झाकण कुठे गेले असेल, सांगा बरे?